डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यानंतर प्रोग्राम अर्धा तास नीट चालला, मग सर्वांनाच ‘पासवर्ड चुकीचा’ असे का सांगू लागला?

अर्धविराम (प्रश्न)

नमस्कार. देखभालीसाठी माझ्याकडे आलेल्या एका जावा प्रोग्रामविषयी मार्गदर्शन हवे आहे. हा प्रोग्राम जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलण्याची प्रमाणित पद्धत) ड्रायव्हरमार्फत पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसशी जोडला जातो आणि मधे हिकारीसीपी हा कनेक्शन पूल, म्हणजे उघड्या जोडण्यांचा पुन्हा पुन्हा वापरायचा साठा, आहे. पूलच्या सेटिंगमध्ये कोणी फारसा हात घातलेला नाही; जवळजवळ सर्व मूल्ये मूळचीच आहेत. वापरकर्ते आपले नाव व पासवर्ड देऊन प्रोग्राममध्ये प्रवेश करतात आणि त्यांची नावे व पासवर्डचे हॅश (उलट न करता येणारे सांकेतिक रूप) याच डेटाबेसमधील एका टेबलात साठवलेले आहेत. म्हणजे येथे लॉगिन दोन प्रकारचे आहे: वापरकर्त्याचे आमच्या प्रोग्राममध्ये आणि आमच्या प्रोग्रामचे डेटाबेसमध्ये.

डेटाबेस सांभाळणाऱ्या गटाने ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे प्रोग्रामच्या खात्याचा पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिला गेला, परंतु प्रोग्राम पुन्हा सुरू करण्यात आला नाही. त्यानंतर साधारण अर्धा तास सर्व काही सुरळीत चालले होते, त्यामुळे बदल व्यवस्थित पार पडला असे सर्वांनीच धरून चालले. मग एकाएकी वापरकर्त्यांना प्रवेशाच्या पानावर दीड मिनिट ताटकळत राहावे लागू लागले आणि शेवटी ‘वापरकर्तानाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असा संदेश दिसू लागला. अनेकांनी आपला पासवर्ड बदलून घेण्याचा प्रयत्न केला, पण तोही अर्थातच फसला.

लॉगमध्ये फक्त एवढीच ओळ होती की जोडणी उपलब्ध नाही आणि विनंतीची मुदत ३०००० मिलिसेकंदांनंतर संपली. त्यावरून गटातील काहींचे मत असे झाले की कोठेतरी जोडण्या घेऊन परत केल्या जात नाहीत आणि त्यामुळे पूल रिकामा होतो. प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावर सर्व ठीक झाले, त्यामुळे या मताला आणखी बळ मिळाले. मला मात्र पासवर्डबदलाचा संशय आहे. फक्त तो अर्धा तास कसा चालला याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

कोडची रचना अशी आहे: प्रवेशाच्या फंक्शनमध्ये सगळे काम एकाच ट्राय ब्लॉकमध्ये आहे, त्याखालचा एकमेव कॅच ब्लॉक कोणतेही एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना उद्भवलेली त्रुटी) पकडतो, एकूण तीन वेळा प्रयत्न होतात आणि तिन्ही फसल्यास वरचा संदेश दाखवला जातो. जोडणीतील अडथळा, डेटाबेसने नाकारलेले लॉगिन आणि वापरकर्त्याचा खरोखर चुकलेला पासवर्ड या तीन गोष्टी कोडमध्ये खात्रीने वेगळ्या कशा ओळखाव्यात आणि प्रत्येक वेळी काय करावे?

नोंदवही

आपला संशय योग्य आहे आणि त्या अर्ध्या तासाचे उत्तर पूलच्या मूळ सेटिंगमध्येच आहे.

पोस्टग्रेएसक्यूएल पासवर्ड तपासतो तो जोडणी उघडताना, एकदाच. त्यानंतर त्या जोडणीवरून कितीही क्वेरी गेल्या तरी पासवर्डचा विषय पुन्हा निघत नाही आणि खात्याचा पासवर्ड बदलल्याने आधीपासून उघड्या असलेल्या जोडण्या तुटतही नाहीत. हिकारीसीपीमध्ये एका जोडणीचे कमाल आयुष्य ठरवणारे मॅक्सलाइफटाइम हे मूल्य असते आणि ते बदलले नसेल तर ३० मिनिटे असते. तेवढा काळ झाला की पूल जुनी जोडणी, ती वापरात नसेल तेव्हा, निवृत्त करतो आणि तिच्या जागी नवी उघडू पाहतो. तुमच्या चालू प्रोग्रामच्या स्मृतीत जुनाच पासवर्ड होता, कारण फाइल वाचली जाते ती सुरुवातीला. त्यामुळे नवी जोडणी उघडण्याचा प्रत्येक प्रयत्न नाकारला गेला. जुन्या जोडण्या होत्या तोवर काम चालले, त्या एकेक करून संपल्या आणि पूल रिता झाला. पुन्हा सुरू केल्यावर फाइलमधला नवा पासवर्ड वाचला गेला, म्हणून प्रश्न सुटल्यासारखा वाटला. गळतीच्या (जोडण्या परत न केल्या जाण्याच्या) प्रकारातही पुन्हा सुरू केल्याने तात्पुरता आराम पडतोच, तेव्हा तुमच्या सहकाऱ्यांचा तर्क अगदीच निराधार नव्हता. फक्त तो पुरावा दोन्हीकडे लागू पडणारा होता.

दोन्हींमध्ये फरक करण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्या क्षणी पूलमध्ये एकूण किती जोडण्या आहेत आणि त्यांपैकी किती वापरात आहेत हे पाहणे. गळती असेल तर एकूण संख्या कमाल मर्यादेला टेकलेली असते आणि सर्वच्या सर्व जोडण्या ‘वापरात’ दिसतात. लॉगिन नाकारले जात असेल तर एकूण संख्या शून्याकडे गेलेली असते. हिकारीसीपीच्या अलीकडच्या आवृत्त्या मुदत संपल्याच्या संदेशातच हे आकडे कंसात छापतात. जुनी आवृत्ती असेल तर डीबग पातळीचा लॉग किंवा जेएमएक्स (चालू जावा प्रोग्रामवर देखरेख करण्याची सोय) यांतून ते मिळतात.

आता त्या फसव्या ओळीविषयी. प्रोग्रामने जोडणी मागितली की पूल मुळात ३० सेकंद थांबतो आणि तेवढ्यात जोडणी मिळाली नाही तर एसक्यूएलट्रान्झियंटकनेक्शनएक्सेप्शन फेकतो. तुमचे तीन प्रयत्न आणि दर वेळी ३० सेकंद, असे ते दीड मिनिट झाले. या एक्सेप्शनचा वरचा संदेश फक्त ‘जोडणी मिळाली नाही’ एवढेच सांगतो. जोडणी का मिळाली नाही हे त्याच्या आत, गेटकॉज या मेथडने मिळणाऱ्या मूळ एक्सेप्शनमध्ये असते आणि डेटाबेसने नकार देताना पाठवलेला कोडही तेथे सापडतो. तुमचा लॉग बहुधा केवळ गेटमेसेजचा मजकूर लिहीत असावा, त्यामुळे खरे कारण दर वेळी हातात येऊनही टाकून दिले गेले. लॉगरला संदेशाऐवजी संपूर्ण एक्सेप्शन द्या. कारणांची साखळी तो स्वतः छापतो. बाकी काही बदलायला वेळ नसला तरी ही एक दुरुस्ती आजच करावी असे मी म्हणेन.

एक गोष्ट आणखी. पासवर्ड बदलल्यावर ‘चालू आहे ना’ हे पाहण्यासाठी प्रोग्रामचे एखादे पान उघडून काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या पानाला जुनी जोडणी मिळते. तपासणी करायची तर पूलला वळसा घालून, प्रोग्रामच्या सध्याच्या सेटिंगनेच, एक नवी जोडणी उघडून पाहिली पाहिजे.

जुना_सर्व्हर

वरील उत्तराशी सहमत आहे. कोडमध्ये भेद कसा करावा याविषयी लिहितो, कारण येथे एक फसगत आहे.

जेडीबीसीच्या प्रत्येक एसक्यूएलएक्सेप्शनसोबत एसक्यूएलस्टेट हा पाच अक्षरांचा कोड येतो आणि त्याची पहिली दोन अक्षरे त्रुटीचा वर्ग सांगतात. ०८ हा जोडणीतील अडचणींचा वर्ग आहे आणि २८ हा ओळख पटवण्याचा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पासवर्ड चुकला तर २८पी०१ येतो; कोणाला कोठून व कोणत्या पद्धतीने आत घ्यायचे हे ठरवणाऱ्या पीजी_एचबीए.कॉन्फ या फाइलमध्ये तुमच्या यंत्रासाठी, खात्यासाठी व डेटाबेससाठी लागू पडणारी ओळच नसेल तर २८००० येतो. मागितलेल्या नावाचा डेटाबेस अस्तित्वात नसेल तर ३डी०००, सर्व्हरवरील जोडण्यांची मर्यादा भरली असेल तर ५३३०० आणि सर्व्हर नुकताच उठत असल्यामुळे अजून कोणाला आत घेत नसेल तर ५७पी०३. सर्व्हर बंद आहे किंवा पोर्ट चुकला आहे अशा वेळी सर्व्हरकडून काहीच येत नाही, म्हणून ड्रायव्हर स्वतःच ०८००१ लावतो.

फसगत अशी की जेडीबीसीमध्ये लॉगिन नाकारल्याबद्दल एसक्यूएलइनव्हॅलिडऑथरायझेशनस्पेकएक्सेप्शन नावाचा वेगळा वर्ग आहे, तेव्हा तो पकडला की झाले, असे दस्तऐवज वाचून वाटते. पोस्टग्रेएसक्यूएलचा ड्रायव्हर मात्र तो फेकत नाही. त्याचा पीएसक्यूएलएक्सेप्शन हा थेट एसक्यूएलएक्सेप्शनचा वारस आहे, त्यामुळे असा कॅच ब्लॉक लिहिलात तर तो कधीच चालणार नाही आणि कम्पायलर त्याबद्दल अवाक्षरही काढणार नाही. शिवाय पूलने वरून गुंडाळलेल्या एक्सेप्शनच्या नावात ‘ट्रान्झियंट’ म्हणजे तात्पुरते असा शब्द आहे. चुकीचा पासवर्ड तात्पुरता नसतो. म्हणून एक्सेप्शनच्या नावावर विसंबू नका. साखळीत खाली जात मूळ एसक्यूएलएक्सेप्शन शोधा आणि त्याचा कोड वाचा.

दुसरे म्हणजे ०८ वर्ग दिसला की नेटवर्कच बिघडले आहे असेही समजू नये. ड्रायव्हरला पासवर्ड दिलाच गेला नाही आणि सर्व्हरने स्क्रॅम (पासवर्ड थेट न पाठवता ओळख पटवण्याच्या) पद्धतीने ओळख मागितली, तर ड्रायव्हर ०८००४ लावतो, ड्रायव्हर ४२.२.० पेक्षा जुना असून त्याला स्क्रॅम कळतच नसेल तरीही तसेच होते. पोस्टग्रेएसक्यूएल १४ पासून पासवर्ड साठवण्याची मूळ पद्धत स्क्रॅम-एसएचए-२५६ आहे, त्यामुळे नव्या सर्व्हरवर पासवर्ड नव्याने ठेवला आणि प्रोग्राममध्ये ड्रायव्हर जुना राहिला की हा प्रकार हमखास दिसतो. कारण ओळखीशी संबंधित, कोड मात्र जोडणीच्या वर्गातला.

पुन्हा प्रयत्न करण्याबाबत माझे मत ठाम आहे. ०८००१, ५७पी०३ आणि ५३३०० यांवर, दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत, पुन्हा प्रयत्न करणे योग्य. २८, ३डी आणि ०८००४ यांवर एकदाही करू नये, कारण तोच पासवर्ड पुन्हा पाठवल्याने उत्तर बदलत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल स्वतःहून खाते कुलूपबंद करत नाही म्हणून तुमचे एवढ्यावर निभावले. ओरॅकलमध्ये मूळ प्रोफाइलनुसार चुकीच्या पासवर्डचे १० प्रयत्न झाले की खाते बंद होते. मग पहिल्या काही ओळींत ओरा-०१०१७ (नाव किंवा पासवर्ड चुकीचा) आणि त्यापुढे ओरा-२८००० (खाते कुलूपबंद) दिसू लागतो, आणि पासवर्ड दुरुस्त केल्यावरही कोणी खाते उघडून देईपर्यंत किंवा प्रोफाइलमधली कुलूपाची मुदत संपेपर्यंत प्रवेश मिळत नाही. पूल पार्श्वभूमीवर स्वतःच नव्या जोडण्यांचा प्रयत्न करत असतो हे लक्षात घेतले, तर ते १० प्रयत्न किती लवकर संपतात याची कल्पना येईल. त्यावर तुमच्या कॅच ब्लॉकमधले तीन प्रयत्न वेगळेच. पूल असताना वरून आणखी एक प्रयत्नचक्र लावण्याला तसाही काही अर्थ नाही. ते काढून टाका.

अर्धविराम

दोघांचेही आभार. चाचणीच्या यंत्रावर मुद्दाम चुकीचा पासवर्ड ठेवून पाहिला. संपूर्ण एक्सेप्शन लॉगमध्ये लिहायला लावल्यावर आतल्या कारणात २८पी०१ स्पष्ट दिसला.

मात्र त्यातून नवीन कोडे निर्माण झाले आहे. चाचणीच्या डेटाबेससाठीही नवा पासवर्ड तयार करण्यात आला आणि तो बरोबर लिहिलेला असूनही प्रोग्रामला २८पी०१ हेच उत्तर मिळते. डेटाबेसच्या यंत्रावर जाऊन पीएसक्यूएल हे आज्ञा-ओळीचे साधन चालवल्यास त्याच खात्याने विनासायास प्रवेश होतो. पासवर्ड यंत्राने तयार केलेला असून त्यात अक्षरे व अंक यांखेरीज अधिकचे चिन्ह आणि उलटी तिरकी रेघ आहे. सध्या तो .प्रॉपर्टीज फाइलमध्ये, जोडणीच्या यूआरएलचाच भाग म्हणून लिहिलेला आहे.

विदासेवक

पीएसक्यूएलने प्रवेश झाला म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, हा निष्कर्षच आधी बाजूला ठेवा. यंत्राचे नाव न देता पीएसक्यूएल चालवले तर युनिक्स प्रणालीवर ते टीसीपीने, म्हणजे नेटवर्कमार्गे, न जाता स्थानिक सॉकेटने जाते आणि पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये स्थानिक सॉकेटसाठीची ओळ वेगळी असते. तेथे ‘ट्रस्ट’ किंवा ‘पीअर’ अशी पद्धत असेल तर पासवर्ड विचारलाच जात नाही. दुसरी शक्यता अशी की त्या यंत्रावर तुम्ही ज्या वापरकर्त्याने काम करता त्याच्या होम डिरेक्टरीत .पीजीपास नावाची फाइल आहे आणि पीएसक्यूएल निमूटपणे तिच्यातला पासवर्ड वापरते. म्हणून पडताळणी प्रोग्रामच्याच यंत्रावरून करा, लहान लिपीतल्या -एच या पर्यायाने डेटाबेसच्या यंत्राचे नाव द्या आणि मोठ्या डब्ल्यूचा पर्याय देऊन पासवर्ड विचारायला भाग पाडा. प्रोग्राम ज्या वाटेने जातो त्याच वाटेने गेल्याखेरीज तुलना करण्यात अर्थ नाही.

पीजी_एचबीए.कॉन्फ वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ अंतिम ठरते. त्या ओळीच्या पद्धतीने ओळख पटली नाही तर सर्व्हर पुढच्या ओळीकडे वळत नाही, तेथेच नकार देतो. फाइलच्या शेवटी नवी ओळ जोडून ‘तरीही चालत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा वरच कोठेतरी अधिक व्यापक ओळ बसलेली असते.

आता तुमच्या पासवर्डकडे येऊ. मला वाटते खरा घोटाळा येथेच आहे. तो प्रोग्रामपर्यंत पोहोचण्यापूर्वी दोनदा बदलतो. जावाच्या .प्रॉपर्टीज फाइलमध्ये उलटी तिरकी रेघ हे पुढच्या अक्षराला विशेष अर्थ देणारे चिन्ह आहे. तिच्यानंतर साधे अक्षर असेल तर रेघ गुपचूप गळून जाते. तिच्यानंतर ‘टी’ किंवा ‘एन’ असेल तर टॅब किंवा नवी ओळ तयार होते. हे झाल्यावर उरलेला मजकूर यूआरएलचा भाग म्हणून ड्रायव्हरकडे जातो आणि ड्रायव्हर यूआरएलमधली मूल्ये उलगडतो. त्या उलगडण्यात अधिकच्या चिन्हाची मोकळी जागा होते, टक्क्याच्या चिन्हानंतरची दोन अक्षरे हेक्साडेसिमल (सोळा पायाच्या अंकपद्धतीतला) संकेत समजली जातात आणि अँड चिन्ह आले तर पासवर्ड तेथेच तुटून उरलेला भाग वेगळे पॅरामीटर ठरतो. समजा पासवर्डमध्ये एक रेघ आणि एक अधिक चिन्ह आहे: पहिल्या टप्प्यात त्याचे एक अक्षर कमी झाले, दुसऱ्यात अधिकच्या जागी मोकळी जागा आली आणि सर्व्हरपुढे जे ठेवले गेले ते कोणीच कधी टंकलेले नव्हते.

उपाय असा की पासवर्ड यूआरएलमध्ये लिहूच नये. पूलच्या वेगळ्या पासवर्ड गुणधर्मात द्यावा, म्हणजे दुसरा बदल टळतो. फाइलमध्ये उलटी तिरकी रेघ दोनदा लिहावी, म्हणजे पहिला टळतो. त्याच फाइलमध्ये ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली मोकळी जागादेखील मूल्याचा भाग मानली जाते. सुरुवातीची गाळली जाते, शेवटची नाही. चिकटवलेल्या पासवर्डमागे अशी जागा राहिली तर डोळ्यांना ती दिसणेच शक्य नसते. त्यामुळे शंका आली तर प्रोग्रामला पासवर्ड छापायला न लावता फक्त त्याची लांबी छापायला लावा. सतरा अक्षरांचा पासवर्ड सोळा किंवा अठरा दाखवू लागला की शोध कोठे घ्यायचा ते कळते.

सर्व्हरच्या लॉगकडेही एकदा पाहा. खाते अस्तित्वात नाही, पासवर्ड चुकला आणि पासवर्डची वैधता संपली या तिन्ही वेळी पोस्टग्रेएसक्यूएल बाहेरच्याला एकच वाक्य सांगते आणि कोडही तोच, २८पी०१, देते. अनोळखी माणसाला खात्यांची नावे चाचपडून शोधता येऊ नयेत म्हणून ते तसे आहे. खरे कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये तपशिलाच्या ओळीत असते आणि पीजी_एचबीए.कॉन्फची कितवी ओळ लागू पडली हेही तेथे लिहिलेले असते. एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्यांना हे लॉगिन फसल्याच्या १८४५६ या त्रुटी क्रमांकावरून ओळखीचे असेल: बाहेर नेहमी ‘स्टेट १’ दिसतो, आणि सर्व्हरच्या स्वतःच्या लॉगमध्ये खाते नसल्यास ५, पासवर्ड चुकल्यास ८ असा खरा आकडा असतो.

मायएसक्यूएलवाले या धाग्यावर येतील म्हणून थोडे त्यांच्यासाठी. १०४५ या त्रुटीच्या शेवटी कंसात ‘पासवर्ड वापरला: होय’ किंवा ‘नाही’ असे येते. तेथे ‘नाही’ असेल तर पासवर्ड बरोबर की चूक हा प्रश्नच नाही. तो प्रोग्रामकडून पाठवलाच गेला नाही, म्हणजे दोष कॉन्फिगरेशन वाचण्यात आहे. त्याच संदेशात खात्याच्या नावापुढे कोणते यंत्र लिहिले आहे तेही वाचा, कारण मायएसक्यूएलमध्ये खाते म्हणजे नाव आणि यंत्र यांची जोडी असते. एकाच नावाची, वेगवेगळ्या यंत्रांसाठीची दोन खाती वेगवेगळे पासवर्ड बाळगू शकतात.

नोंदवही

वापरकर्त्याला काय दाखवावे हा मूळ प्रश्नातला भाग राहून गेला आहे.

एकच कॅच ब्लॉक ठेवून हे सुटणार नाही. प्रवेशाचे काम दोन भागांत मोडावे लागेल. पहिल्या भागात डेटाबेसकडून त्या वापरकर्त्याची नोंद आणायची. येथे कोणतेही एक्सेप्शन आले तर ते वर जाऊ द्यायचे, कारण वापरकर्त्याचा पासवर्ड बरोबर आहे की चूक हे अद्याप कोणालाच माहीत नाही. दुसऱ्या भागात आलेल्या नोंदीतील हॅशशी पासवर्ड ताडायचा. ‘वापरकर्तानाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असे म्हणण्याचा अधिकार फक्त या दुसऱ्या भागाला आहे आणि तेथे एक्सेप्शनचा संबंधच येत नाही: नोंद मिळाली नाही किंवा हॅश जुळला नाही, ही सामान्य उत्तरे आहेत. पहिला भाग फसल्यास एचटीटीपीचा ५०३ आणि ‘सेवा तात्पुरती उपलब्ध नाही; आपला पासवर्ड बदलण्याची आवश्यकता नाही’ असा संदेश द्यावा; दुसऱ्या भागाने नाकारल्यास ४०१. संदेशाचा उत्तरार्ध मी मुद्दाम सुचवत आहे, कारण तुमच्याकडे लोकांनी नेमके तेच केले.

५०३ सोबत त्रुटीचा कोडही पानावर दाखवावा, म्हणजे मदतकेंद्राला फोन आल्यावर कारण लगेच कळेल.

जुना_सर्व्हर

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. २८पी०१ हा कोड पानावर दिसला की मागे कोणता डेटाबेस आहे आणि त्याचे लॉगिन सध्या नाकारले जात आहे, या दोन गोष्टी कोणत्याही आगंतुकाला समजतात. प्रत्येक विनंतीला एक यादृच्छिक क्रमांक द्या, तो पानावर दाखवा आणि लॉगमध्ये एक्सेप्शनसोबत लिहा. मदतकेंद्राचे काम त्यानेही तितकेच होते.

लॉगविषयीही सावधगिरी हवी. आता संपूर्ण एक्सेप्शन लिहिले जाणार आहे, तर यूआरएलमध्ये पासवर्ड असल्यास तो कोठल्या तरी ओळीत उमटण्याची शक्यता वाढते. पासवर्ड यूआरएलबाहेर काढण्याचे हे दुसरे कारण. पीएचपी वापरणाऱ्यांना हा धोका अधिक जवळचा आहे, कारण तेथे न पकडलेल्या एक्सेप्शनच्या स्टॅक ट्रेसमध्ये फंक्शनला दिलेले आर्ग्युमेंटही छापले जाऊ शकतात आणि पीडीओच्या (पीएचपीमधील डेटाबेस-जोडणीच्या सोयीच्या) कन्स्ट्रक्टरला दिलेले तिसरे आर्ग्युमेंट पासवर्डच असते. पीएचपी ८.२ मध्ये अशी आर्ग्युमेंट झाकण्याची सोय आली. जुन्या आवृत्तीत मात्र जोडणी उघडणारी ओळ स्वतंत्र ट्राय ब्लॉकमध्ये ठेवावी.

अर्धविराम

विनंती क्रमांकाची सूचना पटली. तीच अमलात आणत आहे. चाचणीच्या यंत्रावरील कोडेही सुटले. पासवर्डची लांबी छापल्यावर एक अक्षर कमी भरले. उलटी रेघ गळत होती आणि ती दुरुस्त केल्यावर अधिकच्या चिन्हाची अडचण उरली. पासवर्ड वेगळ्या गुणधर्मात हलवल्यावर जोडणी झाली.

आता शेवटचा प्रश्न. पुढच्या वेळी पासवर्ड बदलताना प्रोग्राम बंद न करता हे पार पाडता येईल का? पासवर्ड डेटाबेसमध्ये आधी बदलला तर प्रोग्राम अडतो, प्रोग्राममध्ये आधी बदलला तरीही अडतो.

विदासेवक

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एका खात्याला एका वेळी एकच पासवर्ड असतो, त्यामुळे एका खात्यावर ती फट पूर्णपणे बुजत नाही. यावरचा रुळलेला मार्ग म्हणजे दोन खाती. लॉगिनचा अधिकार नसलेला एक रोल (पोस्टग्रेएसक्यूएलमधील खाते) तयार करून सर्व टेबलांची मालकी व परवानग्या त्याच्याकडे द्याव्यात आणि लॉगिन करू शकणारे दोन रोल त्याचे सदस्य करावेत. प्रोग्राम पहिल्या रोलने चालू असताना दुसऱ्याचा पासवर्ड बदलायचा, तो स्वतंत्र जोडणी उघडून तपासायचा, मग प्रोग्रामला दुसऱ्या रोलकडे वळवायचे. पुढच्या खेपेस उलट. यात एक बारकावा राहून जातो: प्रोग्रामने स्वतः नवे टेबल तयार केले तर त्याची मालकी त्या वेळी लॉगिन असलेल्या रोलकडे जाते आणि दुसऱ्या रोलने आल्यावर परवानगीची त्रुटी येते. ऑल्टर रोलच्या साहाय्याने दोन्ही रोलसाठी ‘रोल’ हे सेटिंग मालक रोलवर ठेवले, म्हणजे जोडणी उघडताच भूमिका बदलते आणि हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रोग्राम वळवण्यासाठी तो पुन्हा सुरू करावाच लागतो असे नाही. हिकारीसीपीच्या जेएमएक्स इंटरफेसमधून चालू पूलचे वापरकर्तानाव व पासवर्ड बदलता येतात. त्यानंतर सॉफ्टइव्हिक्टकनेक्शन्स ही क्रिया चालवली की रिकाम्या जोडण्या लगेच आणि वापरातल्या जोडण्या परत आल्यावर बंद होतात आणि त्यांच्या जागी नव्या ओळखीने नव्या उघडतात. जुना पासवर्ड रद्द करण्यापूर्वी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या चालू जोडण्या दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये जुन्या रोलची एकही जोडणी उरलेली नाही हे पाहावे. रात्री चालणारे एखादे वेगळे काम तेच खाते वापरत असल्याचा शोध अनेकदा येथेच लागतो.

मायएसक्यूएलमध्ये ८.०.१४ पासून एका खात्याला काही काळ जुना व नवा असे दोन्ही पासवर्ड चालू ठेवता येतात आणि ओरॅकलच्या अलीकडच्या आवृत्त्यांत प्रोफाइलमध्ये ठरवलेल्या मुदतीपुरती तशीच सोय आहे, त्यामुळे तेथे दोन खात्यांची आवश्यकता पडत नाही.

नोंदवही

याला एक छोटी जोड. पूलची ३० सेकंदांची थांबण्याची मुदत प्रवेशाच्या पानासाठी फार आहे. ती पाच सेकंदांच्या आसपास आणा. मात्र ती ड्रायव्हरच्या स्वतःच्या जोडणी-मुदतीशी ताडून पाहा. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ड्रायव्हरची ती मुदत मुळात १० सेकंद असते. फायरवॉल पॅकेट निमूटपणे टाकून देत असेल, तर ड्रायव्हरचे उत्तर येण्याआधीच पूलची मुदत संपते आणि पहिल्या एक्सेप्शनमध्ये आतले कारण रिकामेच राहते. ड्रायव्हरची मुदत पूलच्या मुदतीपेक्षा कमी ठेवली की कारण पहिल्याच ओळीत मिळते.